एड्रियाटिक किनाऱ्यावर तंबू घेऊन गाडीने: व्हिसा, वाहन परवाना आणि कागदपत्रं

क्रोएशियातल्या स्प्लिटला भाड्याची गाडी घ्यायची, डावीकडे बियोकोव्होचा डोंगर आणि उजवीकडे समुद्र ठेवत दुब्रोव्हनिक गाठायचं, पुढे मॉन्टेनेग्रोत शिरून कोटोरच्या आखाताकाठी मुक्काम करायचा. भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करता येतो. मात्र व्हिसा अर्जातला एक रकाना नीट विचार करून भरा: प्रवेश किती वेळा हवा?

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मॉन्टेनेग्रो नाही. वैध शेंगेन व्हिसा असेल तर मॉन्टेनेग्रोत ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. पण डेबेली ब्रियेगला क्रोएशिया-मॉन्टेनेग्रोची हद्द ओलांडली की तुम्ही शेंगेनबाहेर पडता. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपला. परतीचं विमान स्प्लिटहून असलं तरी क्रोएशियात पुन्हा शिरता येत नाही. म्हणून किमान दोनदा, शक्यतो अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि सोबतच्या पत्रात तारखांसकट मार्ग लिहून कारण स्पष्ट करा. अल्बानियापर्यंत जायचं असेल तर अनेक प्रवेशांचा, आधी एकदा तरी वापरलेला शेंगेन व्हिसा हवा.

वाटेत नेउमजवळ बोस्नियाची चिंचोळी पट्टी लागते. तिथून गेलात तर आणखी एक प्रवेश खर्ची पडेल. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाट्स पुलावरून जा, म्हणजे क्रोएशियातच राहाल.

शेंगेनमधले सर्वाधिक दिवस क्रोएशियात असतील तर अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत तो करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५. मे-जूनमध्ये निघणाऱ्यांनी फेब्रुवारीतच तयारीला लागावं, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं कठीण होतं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो, तिकिटाचं आरक्षण, बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचं पत्र आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा जोडा. मूल एकाच पालकासोबत निघालं असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागेल.

तंबूवाल्यांची खरी अडचण मुक्कामाच्या पुराव्याची. ‘मिळेल तिथे तंबू ठोकू’ असं अर्जात लिहू नका. क्रोएशियात अधिकृत कॅम्पबाहेर तंबू लावायला बंदी आहे आणि दंड होतो. प्रत्येक रात्रीचं कॅम्पचं आरक्षण जोडा. कॅम्प बहुतेकदा एका जागेचं आरक्षण एकाच नावावर देतात. त्यांना ईमेल करून सगळ्या प्रवाशांची नावं आणि तारखा असलेलं पत्र मागवून घ्या.

व्हिसा हातात आला की आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. वाहन परवान्यांच्या सारथी पोर्टलवर किंवा आपल्या आरटीओत फॉर्म ४ए भरायचा. मूळ परवाना आणि पासपोर्टच्या प्रती लागतात. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ परवानाही सोबत ठेवावा लागतो. गाडी देशाबाहेर न्यायची लेखी परवानगी भाडे कंपनीकडून आरक्षण करतानाच घ्या आणि विमा मॉन्टेनेग्रोत चालतो का ते त्यात लिहून घ्या. अल्बानियासाठी विम्याचं ग्रीन कार्डही (गाडीचा विमा परदेशात लागू असल्याचा पुरावा) मागा.