ऑपरेशन टेबलापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत : दोन अपत्यांच्या अटीची पार्श्वभूमी

सोलापुरात महापालिकेची किंवा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, की छाननीच्या दिवशी उमेदवारांइतकेच त्यांचे विरोधकही कागदांची पिशवी घेऊन हजर असतात. पिशवीत बहुधा जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिधापत्रिकेची छायाप्रत असते, आणि सारा वाद १२ सप्टेंबर २००१ या एका तारखेभोवती फिरतो. त्या तारखेनंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर अर्ज टिकत नाही. ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर हे उघड झाले, तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि सदस्यत्वावर गदा येते.

ही अट एका रात्रीत आलेली नाही. संततिनियमनाची चर्चा महाराष्ट्रात सरकारच्या आधी समाजसुधारकांनी सुरू केली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. पुढे १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात याविषयी ठराव मांडला, आणि तो फेटाळला गेला. या मंडळींचा भर बाईच्या आरोग्यावर आणि गरिबाच्या संसारावर होता. मूल किती हवे हे दांपत्याने ठरवावे, सरकारने साधने पुरवावीत, एवढेच त्यांचे मागणे होते. १९५२ मध्ये केंद्राने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हाही भाषा प्रचाराचीच होती.

सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात त्या प्रचाराला घरचा हिशेब आडवा येत असे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, पुढचे हातमाग-यंत्रमाग आणि घरोघरी चालणारा विडीचा धंदा यांत मुलांचे हात कमाईत धरले जात. मांडीवरच्या सुपात भिजवलेली पाने घेऊन आई विड्या वळत असली, की शेजारी बसलेली मुलगी त्यांची तोंडे दुमडत असे. मागाच्या घरात मुलगा कांड्या भरत असे. शिवाय जन्मलेली सगळी मुले जगतील याची खात्री नव्हती. अशा घराला भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काय सांगणार?

आणीबाणीत ही भाषा बदलली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण सक्तीचे विधेयक मंजूर करणारे देशातले पहिले राज्य आपले, ही नोंद राहिलीच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. १९७७ च्या निवडणुकीतल्या काँग्रेसच्या पराभवानंतर कार्यक्रमाच्या नावातले ‘नियोजन’ जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आले, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेला हात लावायला कोणी धजेना. ओझे बायकांकडे सरकले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदीचा मार्ग घेतलेला होता. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते.

पुन्हा सक्ती आली ती कागदावरून. नव्वदच्या दशकात राजस्थान, आंध्र, हरियाणा या राज्यांनी पंचायतींसाठी दोन अपत्यांची अट घातली, महाराष्ट्रही त्याच वाटेने गेला, आणि २००३ मध्ये जावेद विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. २००५ च्या नियमांनी महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आवश्यक केले. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे.

परिणामांचा विचार करताना आकड्यांचा क्रम पाहावा. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १९९२-९३ मध्ये २.९ होता, १९९८-९९ मध्ये २.५ झाला आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आला; म्हणजे घसरण २००१ च्या त्या तारखेच्या आधीच सुरू होती. केरळने तर अशा अटीवाचून हे साधले. दुसरीकडे सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. त्याचा सगळा दोष या अटीवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण सोनोग्राफी आधीच गावोगाव पोहोचली होती. पण दोनच मुले आणि त्यांत एक मुलगा हवाच, असा हट्ट असलेल्या घरात अटीने कोणत्या गर्भावर गंडांतर आणले असेल, हे ओळखायला फार तर्क लागत नाही.

माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात पद वाचवण्यासाठी मूल नाकारणे, दत्तक देणे, बायकोला सोडणे असे प्रकार आढळले होते. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता. तरीही महिलांना स्थानिक संस्थांत निम्म्या जागा मिळालेल्या या राज्यात, तिसरे मूल होऊ द्यायचे की नाही हे जिच्या हातात कधीच नव्हते, तीच त्या मुलापायी अपात्र ठरते. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल यांनी अट पुढे मागे घेतली आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशनेही ती काढली. तिथल्या मुख्यमंत्र्यांची चिंता आता मुले कमी होत असल्याची आहे. सोलापुरात विड्या वळणारीची मुलगी आज शिकते आणि स्वतःच्या लेकरांची संख्या एक-दोनवर आणते, पण तिने उमेदवारी अर्ज भरला तर अपत्यांच्या जन्मतारखा तिला अजूनही लिहून द्याव्या लागतात.