वनव्हील

वनव्हील : मधोमध एकच रुंद चाक असलेली, स्वतःचा तोल सावरणारी विजेवरची फळी. स्वार तिच्यावर स्केटबोर्डसारखा आडवा उभा राहतो, एक पाय चाकाच्या पुढे आणि एक मागे. हातात धरायला काही नसते. पुढच्या पायावर भार दिला की वेग वाढतो, मागच्यावर दिला की कमी होतो. टाचांकडून चवड्यांकडे भार नेला की फळी वळते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथल्या फ्यूचर मोशन कंपनीचे संस्थापक काइल डोर्कसेन यांनी जानेवारी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून ती बाजारात आणली. एक्सआर (२०१८), पिंट (२०१९) आणि जीटी (२०२१) ही तिची पुढची रूपे. त्यांचा कमाल वेग ताशी साधारण २६ ते ३२ किमी.

फळीतले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर तिचा कल सतत मोजत असतात. तळहातावर काठी उभी धरणारा माणूस काठी झुकेल तिकडे हात नेतो, तसे इथे स्वार झुकेल तिकडे चाक धावते. बीएलडीसी पंख्यात असते त्याच जातीची ब्रशरहित मोटर थेट चाकाच्या हबमध्ये बसवलेली असते.

सगळी मेख या मोटरच्या राखीव जोरात आहे. पळण्यासाठी आणि स्वाराला उभे ठेवण्यासाठी जोर लागतो तो एकाच मोटरचा. चाक जितके वेगात फिरते तितका मोटरमध्ये उलटा विद्युतदाब तयार होतो आणि जास्तीचा जोर काढायला वाव कमी राहतो. ऐन वेगात आणखी पुढे झुकले, चढ लागला किंवा चाक खड्ड्यात गेले, की जोर पुरत नाही. स्कूटरची ताकद संपली तर स्कूटर हळू होते. इथे फळीचे नाक जमिनीला टेकते आणि स्वार त्याच वेगाने पुढे फेकला जातो. स्वारांच्या भाषेत हा ‘नोजडाइव्ह’. बॅटरी उतरलेली किंवा गारठलेली असेल तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते, म्हणून कमाल वेगाचा छापील आकडा लक्ष्य मानू नये.

मर्यादा जवळ आली की फळी पुढचे टोक वर उचलून स्वाराला मागे रेटते. हा ‘पुशबॅक’. तो जाणवताच मागे झुकायचे असते. त्याला दाबून पुढे जाणे ही या स्वारीतली सर्वांत घातक सवय. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१९ ते २०२१ दरम्यानच्या किमान चार मृत्यूंचा दाखला देऊन ही फळी वापरू नका, असा इशारा दिला. कंपनीने तेव्हा रिकॉल करायला, म्हणजे विकलेला माल दुरुस्तीसाठी किंवा परत घेण्यासाठी बोलवायला, नकार दिला, पण सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ३ लाख फळ्यांसाठी तो जाहीर झाला. त्यात नव्या मॉडेलना सॉफ्टवेअरमधून थरथर आणि आवाजाचा इशारा मिळाला. सर्वांत जुन्या दोन मॉडेलचा वापरच थांबवायला सांगितले गेले. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे यांना इथे पर्याय नाही.

पुढच्या पायाखाली दोन भागांचा दाबसंवेदक असतो. थांबताना फळी जवळजवळ स्थिर करून पुढची टाच उचलतात. एक भाग मोकळा झाला की मोटर सुटते आणि फळीचे एक टोक खाली टेकते. या संवेदकाच्या पट्टीखाली पाणी किंवा चिखल गेला तर स्वार उतरल्यावरही फळीला पाय आहे असे वाटत राहते आणि ती एकटीच पुढे पळते. पावसात चालवून आणलेल्या फळीची ही पट्टी आधी तपासावी. प्रेशरच्या पाण्याने फळी धुऊ नये.

टायर ट्यूबलेस, शर्यतीच्या छोट्या गो-कार्ट गाडीच्या टायरसारखा सपाट आणि रुंद असतो. स्वाराच्या वजनाचे पौंड भागिले दहा, इतके पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), हा प्रचलित अंदाज. म्हणजे ७० किलोच्या माणसाला १५ च्या आसपास. हवा जास्त असेल तर वळणे चपळ होतात पण प्रत्येक खडा पायाला लागतो. हवा फार कमी असेल तर चाक जड फिरते आणि मोटरचा जोर तिथेच खर्ची पडतो. चाक हाताने फिरवून घरघर ऐकू आली तर बेअरिंग संपत आले असे समजावे. आसाचे बोल्ट अधूनमधून बघावेत.

उतारावर मोटर वीज उलट बॅटरीत भरते. पूर्ण चार्ज बॅटरीत ती मावत नाही आणि पुशबॅक येतो; म्हणून टेकडीवरून निघायचे असेल तर थोडी जागा ठेवून निघावे. मात्र एरवी अधूनमधून चार्जर १०० टक्क्यांनंतरही काही तास लावून ठेवावा, कारण बॅटरीतले सेल एकमेकांशी बरोबरीला येतात ते याच वेळात. अमेरिकेतून घरी आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : विमानात प्रवाशाच्या सामानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि एक्सआरची ३२४ वॉट-तासांची आहे.

स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी आराखडा सर्वांसाठी खुला ठेवलेला ‘वेस्क’ हा मोटर-नियंत्रक वापरून अनेक जण अशी फळी स्वतःच जुळवतात. दुरुस्ती आपल्या हातात राहते, हा त्याचा मोठा फायदा. पण त्यात पुशबॅक कोणत्या वेगाला यावा हेही बांधणाराच ठरवतो, आणि आकडा चढा भरला तर इशारा मिळण्याआधीच राखीव जोर संपलेला असतो.