युरोपातील ७० मिमी कथापट

रुंद फिल्मवर कथापट चित्रित करण्याची ही पद्धत युरोपात मुख्यतः १९६० ते १९७५ या काळात बहरली. कॅमेऱ्यात ६५ मिमी निगेटिव्ह वापरून ७० मिमी प्रती काढल्या जात. प्रतीच्या वाढीव रुंदीत सहापदरी ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांची सोय होई. चौकटीचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी चौकटीच्या तिपटीहून अधिक असल्याने अवाढव्य पडद्यावरही दूरचा चेहरा ओळखू येई.

अमेरिकेत १९५५ साली आलेल्या टॉड-एओ या ७० मिमी पद्धतीचे अनुकरण करून युरोपीय देशांनी स्वतःची यंत्रे घडवली. सोव्हिएत संघात तर निगेटिव्हही ७० मिमीच असे. तिथल्या पहिल्या ७० मिमी युद्धपटासाठी दिग्दर्शिका यूलिया सोल्न्तसेवा यांना १९६१ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सेर्गेई बोंदार्चुक यांचा चार भागांतील ‘युद्ध आणि शांती’ (१९६६–६७) याच पद्धतीचा. देशी कच्ची फिल्म निकृष्ट निघाल्याने त्यातली अनेक दृश्ये पुन्हा चित्रित करावी लागली. पूर्व जर्मनीच्या डेफा या सरकारी संस्थेने स्वतःचा कॅमेरा बनवून कोनराड वोल्फ यांच्या ‘गोया’सह (१९७१) मोजके चित्रपट काढले.

या तंत्राचा सर्वांत मौलिक वापर मात्र फ्रान्समध्ये, जाक ताती यांच्या ‘प्लेटाइम’मध्ये (१९६७) झाला. इतर दिग्दर्शक रुंद चौकटीत सैन्ये आणि वाळवंटे भरत होते. ताती यांनी कार्यालये, काचेच्या भिंती आणि उपाहारगृहातला गोंधळ भरला. समीपदृश्ये (क्लोज-अप) जवळपास नाहीतच. एकाच चौकटीत चार-पाच गमती एकदम घडतात आणि कोणती टिपायची हे प्रेक्षकाने ठरवायचे. लहान पडद्यावर यातले बरेच काही निसटतेच. पॅरिसच्या सीमेवर त्यासाठी उभारलेल्या नगरीच्या खर्चाने ताती कर्जबाजारी झाले.

१९६३ पासून ३५ मिमी निगेटिव्हवरून ७० मिमी प्रती काढणे रूढ झाले आणि महागड्या मूळ चित्रीकरणाची गरज संपत गेली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात गाजलेला ‘शोले’ (१९७५) अशाच वाढवलेल्या प्रतीचा. मूळ ६५ मिमीची स्पष्टता अशा प्रतीत येत नाही. पुढे केनेथ ब्राना यांनी चार तासांचा ‘हॅम्लेट’ (१९९६) ब्रिटनमध्ये ६५ मिमीवर चित्रित केला. ‘प्लेटाइम’ची पुनरुज्जीवित ७० मिमी प्रत २००२ साली कानमध्ये दाखवली गेली. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या शाउबुर्ग चित्रपटगृहात जुन्या ७० मिमी प्रतींचा महोत्सव भरतो.