बांधकाम कामगार कल्याण निधी

इमारत, रस्ता, पूल, कालवा, धरण, बोगदा अशा कामांच्या खर्चावर उपकर आकारून उभारला जाणारा आणि नोंदणीकृत बांधकाम मजुरांचे आजारपण, बाळंतपण, अपघात व मुलांचे शिक्षण यांसाठी खर्च होणारा निधी. महाराष्ट्रात त्याचा कारभार महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आहे.

या कल्पनेचे मूळ सामान्यतः तमिळनाडूच्या १९८२ च्या हातमजूर कायद्यात दाखवले जाते. सातारकरांना मात्र त्याआधीचा १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा अधिक जवळचा वाटतो. कारण माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळेचे, आणि मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहणारे पुष्कळ माथाडीही याच जिल्ह्यातून गेलेले. मालक रोज बदलत असला, तरी मजुराला मंडळाच्या रूपाने कायमचा आधार मिळावा, हे तत्त्व त्या कायद्याने रुजवले, हे मान्य करावे लागते. तथापि माथाडी मंडळाची लेव्ही (मालकाकडून घेतली जाणारी वर्गणी) मजुरीवर बसते, बांधकामाचा उपकर एकूण खर्चावर बसतो. या दृष्टीने पाहता मजुरीवर नव्हे तर मालावर बसवलेल्या १९७६ च्या विडी कामगार कल्याण उपकराशी त्याचे नाते अधिक निकटचे दिसते. दोन्ही प्रवाह १९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांत (एक बांधकाम कामगारांविषयीचा, दुसरा त्यांच्या कल्याण उपकराचा) एकत्र आले असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते.

उपकराचा दर किमान १ व कमाल २ टक्के असा ठरला. प्रत्यक्षात तो १ टक्का आकारला जातो. खर्चात जमिनीची किंमत धरली जात नाही. सरकारी कामात ठेकेदाराच्या बिलातूनच कपात होते, खासगी कामात पालिका बांधकाम परवान्याच्या वेळी रक्कम घेते. स्वतःच्या राहत्या घराला १९९६ च्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत सूट होती. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ती मर्यादा ५० लाखांवर नेण्यात आली. उपकर हा कर नसून शुल्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. शुल्क ज्या हेतूने घेतले त्यासाठीच खर्चावे लागते, त्यामुळे हा पैसा मजुराच्याच कामी आला पाहिजे.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवसांचे काम आवश्यक असते. खरी अडचण येथेच आहे. खंबाटकीच्या बोगद्यासारख्या मोठ्या कामावर हजेरीपट असतो. पण माण-खटावातील गवंडी किंवा बिगारी आठवडाभर एका घराच्या पायावर, पुढे चार दिवस दुसऱ्याच्या स्लॅबवर, मग पावसाळ्यात घरी, असा फिरतो. या ९० दिवसांच्या कामाच्या प्रमाणपत्रात मालकाचे नाव, कामाचे ठिकाण आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असे रकाने असतात. मुकादम तोंडी हिशेब ठेवणारा असला, की ते कोरेच राहतात. मग ठेकेदार किंवा ग्रामसेवक यांच्या सहीसाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि हेलपाट्याचा प्रत्येक दिवस बुडालेल्या मजुरीचा असतो. ज्याच्या घामावर उपकर जमतो, त्यालाच कागद जमवता न आल्याने बाहेर राहावे लागणे हा अन्याय आहे. सिमेंटने बोटांची कातडी झिजलेल्या मजुराचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, ही अडचण वेगळीच.

नोंदित कामगारास पहिल्या दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० रुपये, कामावर मृत्यू झाल्यास वारसास ५ लाख रुपये, तसेच शैक्षणिक साहाय्य, सुरक्षा संच व गृहोपयोगी भांडी मिळतात.