बकरी आणि जंत: बीहडापासून प्रयोगशाळेपर्यंत

ग्वाल्हेरहून भिंडकडे निघालं की चंबळच्या बीहडात, म्हणजे घळींच्या रानात, बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून बाभळी-बोरी ओरबाडताना दिसतात. लांब कानांच्या जमनापारी जातीचा हा मुलूख, पलीकडे इटाव्यापर्यंत. बकरी आणि जंतांचा इतिहास इथूनच सांगायला हवा. जंतांच्या अळ्या लेंडीतून निघून ओल्या गवताच्या बुडाशी चढून बसतात. वरचा पाला खाणाऱ्या बकरीच्या तोंडी त्या फारशा लागतच नाहीत. म्हणून मेंढीच्या अंगात जंतांशी झुंजायची जेवढी ताकद आली, तेवढी बकरीच्या अंगात आली नाही.

मग आपण तिला गवताच्या कुरणात आणलं, आणि ती हिमोंकसच्या तावडीत सापडली. रुडॉल्फी यांनी १८०३ मध्ये वर्णन केलेला हा जंत चौथ्या पोटात रक्त पितो. त्याची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते.

औषधं आली. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल, १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन. पण पहिल्याला न जुमानणारे जंत तीनच वर्षांत मेंढ्यांत सापडले. बकरीच्या बाबतीत आणखी एक चूक झाली, आणि ती मला फार लागते: बकरीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, तरी वर्षानुवर्षं तिला मेंढीच्याच मापाने पाजलं गेलं. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जंतच पुढे वाढले.

उपजत ताकदीकडे लक्ष वळलं ते मोजणीमुळे. १९३९ मध्ये सिडनीत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी लेंडीतली अंडी मोजायची काचेची खाचपट्टी बनवली. त्या मोजणीतून दिसलं की एकाच कुरणात चरूनही काहींच्या लेंडीत अंडी कमीच असतात, आणि हा गुण काही अंशी पिल्लांत उतरतो. केनियात पूर्व आफ्रिकेच्या लहान बकऱ्या गाला जातीपेक्षा सरस ठरल्या. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर क्रिओल जातीच्या बकऱ्यांवर असंच काम झालं. आपल्याकडे मथुरेजवळ मखदूमला १९७९ पासून बकरी संशोधन संस्था आहे. तिथेही जमनापारी, बारबरीच्या लेंड्या तपासल्या गेल्या.

मोजणी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पापणीचा तक्ता निघाला. भाद्रपदात बकरीची खालची पापणी अलगद ओढून पाहा. आत लालबुंद असेल तर औषध नको. कागदासारखी पांढरी असेल, जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर त्याच दिवशी पाजा. आणि दर पावसाळ्यात औषधावाचून जिची पापणी लाल राहते, तिची पाठ (मादी करडू) विकू नका, कळपातच ठेवा.