पुण्याचा पाऊस: टाकीत किती, जमिनीत किती

एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. एवढं माप लक्षात ठेवलं की पुढचा सगळा हिशेब घरबसल्या करता येतो. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर ७०,००० लिटर. काही पाण्याची वाफ होते, काही इकडेतिकडे सांडतं. ८० टक्के हाती लागलं असं धरलं तरी ५६,००० लिटर होतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायची सरकारी पद्धत आहे. त्या मापाने चौघांच्या घराला हे पाणी शंभर दिवस पुरेल.

पण ते ठेवायचं कुठे? हजार लिटरच्या ५६ टाक्या बंगल्याच्या आवारातही मावणार नाहीत. म्हणून उन्हाळ्यासाठी पाणी भरून ठेवायचा विचार पुण्यातल्या बहुतेक घरांनी सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला पाऊस चार महिने थोडा थोडा पडतो. १५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की या गच्चीवरून १,२०० लिटर उतरतात आणि हजार लिटरची टाकी एका संध्याकाळी भरते. ते पाणी आठवडाभर फ्लशला, फरशीला, गाडीला, कुंड्यांना वापरावं, म्हणजे पुढच्या सरीला टाकी पुन्हा रिकामी. लहान टाकी एका पावसाळ्यात कितीतरी वेळा भरते, आणि त्यातच तिची खरी कमाई आहे. वर उरलेलं पाणी जमिनीत मुरवायचं.

आधी टाकीचं बघू. पावसाचं पाणी वरून येताना बरंच स्वच्छ असतं, ते घाण होतं गच्चीवर. धूळ, पाला आणि पुण्यात तर हमखास कबुतरांची विष्ठा. म्हणून खंडानंतर येणाऱ्या प्रत्येक सरीचं पहिलं पाणी बाहेर काढायचं, निदान एक मिलिमीटर तरी. गच्चीला चार पाईप असतील तर एका पाईपच्या वाट्याला २५ चौरस मीटर येतात, म्हणजे पहिले २५ लिटर. चार इंची पाईपमध्ये दर मीटरला साधारण आठ लिटर पाणी मावतं. टाकीकडे वळणाऱ्या टी-जॉइंटच्या खाली तीन मीटर उभा पाईप ठेवला की काम भागतं. त्याच्या तळाला घट्ट झाकण आणि झाकणाला एक बारीक भोक. मळकट पाणी आधी या पाईपमध्ये भरतं. तो भरला की मागून येणारं नितळ पाणी आपोआप टाकीकडे वळतं. पाऊस थांबल्यावर भोकातून ठिबकत पाईप रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार राहतो. भोक कचऱ्याने बुजतं, तेवढं मात्र अधूनमधून बघावं लागतं. प्लंबरला ‘फर्स्ट फ्लश’ म्हटलं तर कळेल, नाहीतर कागदावर चित्र काढून द्या.

टाकी काळी किंवा उजेड आत न शिरणारी हवी, नाहीतर आत शेवाळ धरतं. तोंडांना, ओव्हरफ्लोलासुद्धा, बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि हे पाणी पिण्यासाठी नाही.

झाडांना मात्र ते फार मानवतं. पुण्यात अनेक सोसायट्या बागेला बोअरचं पाणी घालतात. खडकाच्या भेगांत राहून त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेलं असतं. कुंडीच्या काठावर पांढरा खरपुडा दिसतो तो त्याचाच. अनंताचं किंवा मोगऱ्याचं कोवळं पान जवळून बघा: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला असेल, तर मुळांना लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतं, पण जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की ते विरघळत नाही. पावसाचं पाणी मुळात किंचित आम्ल असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा पीएच ५.६ च्या जवळ असतो, आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते भरपूर घातलं की साचलेले क्षार कुंडीच्या भोकातून धुऊन जातात. बाल्कनीतल्या कुंड्या तर वरच्या स्लॅबमुळे भर पावसाळ्यातही कोरड्या असतात. टाकीतलं पाणी पहिलं त्यांना द्यावं.

आता मुरवण्याचं. इथे सरसकट सल्ला चालत नाही, कारण पुण्याच्या पोटात बेसाल्ट आहे. हा कातळ एकसंध असेल तर पाणी शोषत नाही. पाणी शिरतं ते त्याच्या भेगांतून, झिजलेल्या थरांतून, मुरमातून. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधी तांबड्या चिकण मातीचा थर असतो, तिथेही पाणी अडतं. वरची काळी माती आणखी फसवी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्यातून झरझर खाली जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि उरलेला पावसाळा पाणी वरच साचतं. म्हणून शोषखड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो.

जागा ठरवण्याआधी एक साधी परीक्षा करा. ठरवलेल्या खोलीपर्यंत एक लहान खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठी उभी करून तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजा. बोटभरही उतरलं नाही तर जागा बदला. इमारतीच्या पायाला लागून खड्डा घेऊ नका.

बोअरमध्ये पाणी सोडताना दुप्पट काळजी घ्या. शोषखड्ड्यातलं पाणी मातीतून गाळलं जातं, बोअरमधून मात्र ते थेट भूजलात पोचतं, आणि ते भूजल शेजारच्या सोसायटीचंही असतं. एकदा बिघडलं की सहज सुधारत नाही. म्हणून बोअरला फक्त गच्चीचं पाणी द्यायचं, तेही गाळणीतून. पार्किंगमधलं पाणी तेल आणि ग्रीस घेऊन येतं. ते बोअरमध्ये कधीच सोडू नये. गाळणीत खाली दगडगोटे, मग खडी, वर जाड वाळू असते. सगळा गाळ वाळूच्या वरच्या चार बोटांत अडकतो. मे महिन्यात तेवढा थर काढून धुवायचा, गच्ची झाडून घ्यायची, पाईपांच्या जाळ्या मोकळ्या करायच्या. हे काम सोसायटीत एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, कारण गाळणी तुंबली की पाणी तिला ओलांडून गटारात जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.