अपंगत्व फक्त शरीरात असतं?

"अपंगत्व हा शरीराचा दोष, त्यात राजकारणाचा काय संबंध? मदत करायची ती दया म्हणून." हा समज जुना आहे आणि तो उगाच आलेला नाही. सतराव्या शतकातल्या सामाजिक कराराच्या सिद्धान्ताने, म्हणजे राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून उभं राहतं या विचाराने, करार करणारी माणसं मोकळी आणि साधारण बरोबरीची मानली. जे त्यात बसले नाहीत, त्यांचा प्रश्न न्यायाऐवजी दानधर्माच्या खात्यात गेला.

१९७०च्या दशकात अपंग कार्यकर्त्यांनी शरीरातली उणीव आणि समाजाने घातलेला अडथळा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पडताळून बघायचं तर चष्म्यापासून सुरुवात करा. नंबर डोळ्यांत असतो, पण चष्मा सहज मिळतो म्हणून त्याला कुणी अपंगत्व म्हणत नाही. आता मतदान केंद्राच्या तीन पायऱ्या बघा. व्हीलचेअरवरचा मतदार तिथेच अडतो; उतार बांधला की आत जातो. पाय तेच, बदलली ती इमारत. आणि इमारत कशी बांधायची हे नियम ठरवतात, म्हणजे राजकारणच.

वेदना मात्र उताराने जात नाहीत. हा आक्षेप रास्तच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांवरच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराचं पहिलं कलम उणीव आणि अडथळे, दोन्ही धरून चालतं. छोटंसंच आहे, स्वतः वाचून पाहा.